स्तनाच्या कर्करोगानंतर काखेत गाठ लागली, म्हणजे तो परतलाच का?

उपचार संपल्यावर काखेत गाठ हाताला लागली की मनात पहिला विचार एकच येतो. पण लसिका ग्रंथींचं कामच जंतूंना अडवायचं आहे. बोट कापलं, नखाशी पू झाला, तर त्याच बाजूच्या काखेत ग्रंथी सुजते. आपल्याकडे याला 'अवधाण आलं' म्हणतात. लसीनंही हे होतं. २०२१ मध्ये कोविडची लस घेतलेल्या अनेक जणींच्या मॅमोग्राफीत काखेतल्या ग्रंथी मोठ्या दिसल्या. म्हणूनच हा आजार होऊन गेलेल्यांना लस शक्यतो दुसऱ्या बाजूच्या दंडावर घ्यायला सांगतात. अशी सूज बहुधा काही आठवड्यांत उतरते.

कडक, न दुखणारी, जागची न हलणारी, वाढत जाणारी गाठ मात्र वेगळी. गळ्याच्या हाडाच्या वर गाठ लागली तर वाट बघूच नका. अर्थात, दुखते म्हणजे साधीच, असंही नाही. चाचपून निदान होत नाही (दिवसातून दहादा दाबलं तर ती जागा फक्त जास्त दुखते). सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार आणि आतली रचना दिसते. शंका वाटली तर सुईनं नमुना घेतात. फॉलोअपची तारीख लांब असली तरी फोन करून लवकरची वेळ मागा, आणि अलीकडे लस कधी, कोणत्या दंडावर घेतली तेही सांगा.