पेंड मापून, भाकरी अंदाजाने: वृद्ध कुत्र्याच्या आहाराचा हिशेब

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील पशुपालनाला मोजमापाची शिस्त आहे. दुधाचा दर फॅट आणि एसएनएफवर, म्हणजे स्निग्धांशावर आणि स्निग्धांश वगळून उरणाऱ्या घनपदार्थांवर ठरत असल्यामुळे म्हशीला सरकी पेंड किती आणि वैरण किती द्यायची, हे घरातल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच गोठ्याच्या दाराशी दहा-बारा वर्षे राखण केलेल्या कुत्र्याच्या थाळीत काय आणि किती पडावे, हे घरात काय उरले आहे त्यावर ठरते. दिवसभर रानात हिंडणाऱ्या तरुण कुत्र्याचे शरीर हा अंदाजाचा कारभार निभावून नेते. वृद्ध कुत्र्याच्या शरीरात ती सवड राहिलेली नसते, आणि म्हणूनच त्याच्या आहाराची निवड करताना केवळ त्याचे वय न पाहता वजन, स्नायू, दात आणि मूत्रपिंडे या चार गोष्टींचा हिशेब मांडावा लागतो.

म्हातारपण कधी सुरू होते

कुत्र्याचे एक वर्ष म्हणजे माणसाची सात वर्षे, हा प्रचलित ठोकताळा शास्त्राला धरून नाही, कारण कुत्र्याचे आयुर्मान त्याच्या आकारमानानुसार बदलते. ग्रेट डेनसारखा महाकाय कुत्रा सहा-सात वर्षांतच वृद्धत्वाकडे झुकतो, तर पॉमेरेनियनसारखा लहान कुत्रा दहा वर्षांचा झाला तरी टुणटुणीत असू शकतो. त्यामुळे पशुवैद्यकशास्त्रात अपेक्षित आयुर्मानाचा शेवटचा चतुर्थांश काळ म्हणजे वार्धक्य, अशी व्याख्या केली जाते. या भागातील मध्यम बांध्याचे गावठी कुत्रे आणि दख्खनच्या पठारावर शिकारीसाठी जोपासला गेलेला सडपातळ कारवानी कुत्रा यांच्या बाबतीत आठव्या-नवव्या वर्षापासून आहाराकडे नव्याने पाहणे उचित ठरते.

या काळात शरीरात दोन बदल एकाच वेळी, परंतु परस्परविरुद्ध दिशांनी घडतात. हालचाल मंदावल्याने ऊर्जेची गरज घटते, साधारणपणे पाचव्या हिश्शाने कमी होते. आणि त्याच वेळी स्नायू हळूहळू झिजू लागतात. कोणताही विशिष्ट आजार नसताना केवळ वयोमानाने होणाऱ्या या झिजेला सार्कोपेनिया असे म्हणतात. स्नायू टिकवण्यासाठी लागणारी प्रथिने वृद्ध शरीर पूर्वीइतक्या कार्यक्षमतेने वापरू शकत नसल्यामुळे प्रथिनांची गरज घटत तर नाहीच, उलट वाढते. थोडक्यात, वृद्ध कुत्र्याला उष्मांक कमी आणि प्रथिने अधिक लागतात, आणि घरोघरीच्या व्यवहारात नेमके याच्या उलट घडते.

‘हलके अन्न’ या समजुतीचा हिशेब

म्हाताऱ्या माणसाला पचायला हलके द्यावे, या न्यायाने कुत्रा थकला की त्याचे मटण आणि अंडी बंद होतात आणि दुधात कुस्करलेली भाकरी किंवा मऊ भात सुरू होतो. यात भाकरीचा दोष नाही. 2013 साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने असे दाखवून दिले की, पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज या विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळतात, तर कुत्र्यात त्या 4 ते 30 पर्यंत असतात. म्हणजे शेती करणाऱ्या माणसाच्या सहवासात राहून कुत्र्याने धान्य पचवण्याची क्षमता कमावलेली आहे. प्रश्न आहे तो भाकरीच्या जोडीला काय दिले जाते, याचा.

हा हिशेब घरच्या घरी मांडता येतो. कुत्र्याच्या वजनाच्या किलोंना 30 ने गुणून त्यात 70 मिळवले की, स्वस्थ पडून असताना त्याला दिवसाला लागणारे उष्मांक ढोबळमानाने मिळतात. 20 किलोच्या कुत्र्यासाठी हा आकडा 670 येतो आणि बेताची हालचाल करणाऱ्या वृद्ध कुत्र्यासाठी त्याची 1.2 पट केली की दिवसाची गरज सुमारे 800 उष्मांक ठरते. ज्येष्ठ कुत्र्याच्या आहारातील किमान 25 टक्के ऊर्जा प्रथिनांतून यावी, असे पशुआहारतज्ज्ञ मानतात. एक ग्रॅम प्रथिनातून सुमारे 4 उष्मांक मिळत असल्याने 800 उष्मांकांच्या आहारात सुमारे 50 ग्रॅम प्रथिने हवीत. आता प्रत्येकी 80 ग्रॅम पिठाच्या ज्वारीच्या दोन भाकरी आणि पाव लिटर म्हशीचे दूध घेतले, तर उष्मांक 800 च्या घरात जातात, परंतु प्रथिने 25 ग्रॅमच्या आसपासच भरतात. त्यातही ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते. पोट भरले, वजन वाढले आणि तरीही मागच्या पायांतील मांस उतरत गेले, असे जे चित्र अनेक वस्त्यांवर दिसते, त्यामागचे एक मोठे कारण हे अर्धवट ताट असते.

याच ताटात दूध वगळून दोनऐवजी एक भाकरी, दोन उकडलेली अंडी आणि हाडे काढून बिनमिठाची उकडलेली 100 ग्रॅम कोंबडी घेतली, तर 600 च्या आत उष्मांक येऊन प्रथिनांचा 50 ग्रॅमचा पल्ला गाठता येतो आणि उरलेल्या जागेत शिजवलेला लाल भोपळा, गाजर किंवा चमचाभर तेल बसते. दूध द्यायचेच असेल तर त्याऐवजी ताक किंवा दही बरे, कारण प्रौढ कुत्र्यांच्या आतड्यात दुधातील लॅक्टोज ही शर्करा पचवणारा विकर कमी होत जातो, तर विरजणात या शर्करेचा काही भाग आधीच मोडलेला असतो.

तरीही हे ताट परिपूर्ण ठरत नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते, आणि आहारात या दोहोंचे प्रमाण कॅल्शियमच्या बाजूने किमान एकास एक असावे लागते. जस्त, आयोडीन आणि ड जीवनसत्त्व यांचीही उणीव घरगुती ताटात राहून जाते. अमेरिकेतील डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात घरगुती श्वानाहाराच्या 200 पाककृती तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी 95 टक्के पाककृतींत किमान एक अत्यावश्यक घटक कमी आढळला, असे 2013 साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष सांगतात. म्हणून घरचे अन्न कायम द्यायचे असल्यास कॅल्शियम आणि क्षार-जीवनसत्त्वांची पूरक मात्रा पशुवैद्यकाकडून ठरवून घेणे अपरिहार्य आहे. शिजवलेली हाडे हा कॅल्शियमचा पर्याय नव्हे. ती टोकदार तुकड्यांत फुटतात आणि वृद्ध कुत्र्याचे झिजलेले दात व आतडी या दोहोंना धोका निर्माण करतात.

पिशवीवरचा ‘सीनियर’ शब्द

बाजारात तयार मिळणाऱ्या खाद्याच्या पिशवीवर ‘सीनियर’ किंवा ‘7 प्लस’ असे छापलेले असले, तरी त्या शब्दामागे पोषणाचे सर्वमान्य असे स्वतंत्र मानक नाही. जगभरचे उत्पादक ज्याचा आधार घेतात, त्या आफ्को या अमेरिकी संघटनेच्या निकषांत वाढीचा व प्रजननाचा काळ आणि प्रौढावस्था असे दोनच गट आहेत. परिणामी एका कंपनीच्या ‘सीनियर’ खाद्यात प्रथिने कमी केलेली असतात, तर दुसऱ्या कंपनीच्या खाद्यात ती वाढवलेली असतात. ग्राहकाने समोरचे नाव सोडून मागचा तक्ता वाचावा, आणि तो वाचताना ओलाव्याचे प्रमाण विचारात घ्यावे. कोरड्या दाण्यांत सुमारे 10 टक्के, तर डब्यातील ओल्या खाद्यात 75 टक्क्यांहून अधिक पाणी असते. 24 टक्के प्रथिने असलेल्या कोरड्या खाद्यातील पाणी वजा केले की त्याच्या शुष्क भागात 27 टक्क्यांच्या आसपास प्रथिने निघतात, आणि 8 टक्के प्रथिने व 78 टक्के पाणी असलेल्या ओल्या खाद्याच्या शुष्क भागात ती 36 टक्के निघतात. म्हणजे तक्त्यावर कमी दिसणारे खाद्य प्रत्यक्षात सरस ठरते. ज्यांनी दुधातील एसएनएफचा हिशेब वर्षानुवर्षे केला आहे, त्यांना ही वजाबाकी अवघड वाटण्याचे कारण नाही.

दात दुखत असल्यास कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. मंदावलेल्या घ्राणेंद्रियालाही त्या उबेमुळे अन्नाचा वास अधिक लागतो. खाद्य बदलताना जुन्यात नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल पूर्ण करावा, अन्यथा हगवण लागते.

मूत्रपिंड आणि हृदय

वृद्ध कुत्र्याला प्रथिने दिली की मूत्रपिंडे बिघडतात, ही समजूत व्यापक असली तरी निरोगी मूत्रपिंडांच्या बाबतीत तिला आधार नाही. मूत्रपिंडाचा जुनाट विकार निदानाने सिद्ध झाल्यावर मात्र आहाराचे गणित बदलते. तेव्हा प्रामुख्याने फॉस्फरस आणि विकाराच्या टप्प्यानुसार प्रथिनेही कमी करावी लागतात. अडचण अशी की, रक्तातील क्रिएटिनिन या उत्सर्जित द्रव्याची पातळी वाढलेली दिसते, तोवर मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश क्षमता संपलेली असते. त्याआधीची खूण पाण्याच्या भांड्यात सापडते. निरोगी कुत्रा दर किलो वजनामागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिलिलिटर पाणी पितो आणि हे प्रमाण 100 मिलिलिटरच्या पुढे गेले, म्हणजे 20 किलोचा कुत्रा दिवसाला दोन लिटरहून अधिक पाणी पिऊ लागला, तर मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह किंवा संप्रेरकांतील बिघाड यांची तपासणी करणे आवश्यक असते. जत, आटपाडी, माण, खटाव या कोरड्या तालुक्यांत उन्हाळ्यात कुत्रा जास्त पाणी पितो हे गृहीत धरले जाते, आणि त्यामुळेच ही खूण तिथे सहज नजरेआड होते. हृदयाच्या झडपा कमकुवत झालेल्या कुत्र्याला मीठ बाधते. अशा कुत्र्याला पापड, शेव, फरसाण आणि सुकट यांपासून दूर ठेवणे औषधाइतकेच महत्त्वाचे ठरते.

अशा तपासण्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणचे पशुवैद्यकीय दवाखाने आहेतच, शिवाय पुणे-सातारा मार्गावरील शिरवळ येथे 1988 मध्ये स्थापन झालेले क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

शेडमधला बेदाणा, डब्यातला मसाला

या दोन जिल्ह्यांच्या स्वयंपाकघरात आणि शिवारात असे दोन पदार्थ आहेत की, जे इथल्या ओळखीचा भाग आहेत आणि कुत्र्यासाठी विष आहेत. पहिला तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ परिसरातील द्राक्षे आणि बेदाणा. द्राक्षांमुळे कुत्र्याची मूत्रपिंडे अकस्मात निकामी होतात, ही बाब पशुवैद्यकांच्या लक्षात या शतकाच्या आरंभी आली आणि 2021 पासून त्यामागे टार्टारिक आम्ल असावे, असा कयास मांडला जातो. हेच आम्ल चिंचेतही विपुल असते. ताज्या द्राक्षांपेक्षा बेदाणा अधिक घातक, कारण सुकल्यावर हे आम्ल घट्ट झालेले असते. किलोमागे तीन ग्रॅमच्या आसपास बेदाण्यानेही विषबाधा झाल्याची नोंद आहे, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला मूठभर बेदाणे पुरतात. प्रत्येक कुत्र्याची सहनशक्ती वेगळी असल्याने सुरक्षित मात्रा अशी नसतेच. बेदाण्याच्या शेडवर राखणीला असलेल्या आणि आधीच मूत्रपिंडे थकलेल्या कुत्र्याला रॅकखाली सांडलेला माल खाऊ न देणे, हा त्याच्या आहारनियोजनाचा पहिला नियम असायला हवा. असा कुत्रा ओकू लागल्यास वाट न पाहता पशुवैद्यक गाठावा लागतो, कारण मूत्रपिंडांना होणारी इजा एक ते तीन दिवसांत स्पष्ट होते आणि तोवर उपचारांची वेळ हुकलेली असते.

दुसरा पदार्थ कांदा-लसूण मसाला. कांदा आणि लसणातील गंधकयुक्त संयुगे कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. शिजवल्याने किंवा सुकवल्याने ती नष्ट होत नाहीत. त्यामुळे रश्श्यात बुडवलेली भाकरी एखाद्या दिवशी निभावली, तरी रोज दिल्यास थकलेल्या शरीरात रक्तक्षय होऊ शकतो, आणि त्यातून आलेली मरगळ ‘वय झाले’ या दोन शब्दांत निकाली काढली जाते.

लाड आणि वजनकाटा

कुत्र्यावरची माया या भूमीला नवी नाही. साताऱ्याच्या शाहू छत्रपतींनी वाघापासून आपला जीव वाचवणाऱ्या कुत्र्याला जहागिरीची सनद आणि पालखीचा मान दिल्याचे इतिहासकार ग्रँट डफने लिहून ठेवले आहे, आणि संगम माहुली येथे त्या कुत्र्याची समाधी दाखवली जाते. आजची माया बहुधा कंदी पेढ्याच्या रूपाने प्रकट होते, आणि सांधे झिजलेल्या कुत्र्यावर वजनाचा प्रत्येक किलो भार होऊन बसतो. 48 लॅब्रेडॉर कुत्र्यांवर आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडी लावलेल्या दुसऱ्या कुत्र्यापेक्षा 25 टक्के कमी अन्न मिळालेल्या कुत्र्यांचे मध्यक आयुष्य 11.2 ऐवजी 13 वर्षे भरले आणि त्यांचे सांधेदुखीचे विकारही उशिरा सुरू झाले.

वजन योग्य आहे की नाही हे हातानेच कळते. मुठीच्या उंचवट्यांवरून बोट फिरवल्यासारख्या बरगड्या उघड्या टोचत असतील तर कुत्रा रोडावलेला, उलट्या पंजाच्या पाठीसारख्या लागत असतील तर ठीक, आणि तळहातावर दाबल्यासारख्या खोल गेल्या असतील तर लठ्ठ समजावा. कारवानी कुत्र्याच्या बरगड्या तारुण्यातही डोळ्यांना दिसतात, म्हणून त्याच्या बाबतीत पाठीच्या कण्यालगतचे आणि मांड्यांचे स्नायू चाचपून पाहणे अधिक विश्वासार्ह ठरते. महिन्यातून एकदा धान्याच्या काट्यावर वजन करून आकडा नोंदवला, तर महिन्यागणिक होणारी घट किंवा वाढ लक्षात येते आणि ती आहारातील फेरबदलाची किंवा तपासणीची वेळ सांगते. त्यासाठी वेगळ्या वहीची गरज नाही. डेअरीच्या दहा दिवसांच्या बिलाचा हिशेब ज्या भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटीत मांडला जातो, तिथे महिन्यातून एकदा आणखी एका आकड्याला पुरेल इतकी जागा असते.