जुन्या टेपरेकॉर्डरचे नवे काम

मुलांनो, 'आवाज', 'कारागीर' आणि 'दुरुस्ती' हे तीन शब्द तुम्हांला उर्दूतही भेटतात आणि मराठीतही. या पाठात हे तिन्ही शब्द पुन्हा पुन्हा येतील. कारण हा पाठ एका जुन्या यंत्राविषयी आणि त्याच्याकडून नवे काम करून घेणाऱ्या कारागिरांविषयी आहे.

आपले नायगाव, शेजारचे परळ आणि लालबाग हा एके काळी कापड गिरण्यांचा भाग होता. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत, म्हणजे १९६० पूर्वीच्या काही वर्षांत, शाहीर अमर शेख यांच्या आवाजाने मुंबईच्या सभा दणाणून जात. त्यांचे मूळ नाव मेहबूब पटेल. त्यांचा आवाज पहाडी होता. पण आवाज कितीही पहाडी असला, तरी मायक्रोफोनमध्ये शिरल्यावर तो विजेच्या अगदी क्षीण लहरींत बदलतो. आपण साधे बोललो, तर मायक्रोफोनमधून एक-दोन हजारांश व्होल्ट एवढाच दाब मिळतो. बॅटरीच्या एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. यावरून ही लहर किती दुबळी असते, याची कल्पना तुम्हांला येईल.

एवढ्या दुबळ्या लहरीने कर्णा वाजत नाही आणि ध्वनिमुद्रणही होत नाही. आधी तिला शेकडो पटींनी मोठे करावे लागते. हे पहिले काम करणाऱ्या भागाला 'प्रीअँप्लिफायर' किंवा थोडक्यात 'प्रीअँप' म्हणतात. परळला व्ही. शांताराम यांनी १९४२ साली राजकमल कलामंदिर स्थापन केले. तेथील ध्वनिमुद्रक मंगेश देसाई यांचे चित्रपटसृष्टीत मोठे नाव झाले. अशा प्रत्येक स्टुडिओत मायक्रोफोनच्या मागे पहिला मान प्रीअँपचाच असतो. येथे चूक झाली, खरखर मिसळली, तर ती पुढे आवाजाबरोबरच मोठी होत जाते.

आता टेपरेकॉर्डरकडे वळू. चुंबकीय फितीवर आवाज साठवणारे यंत्र जर्मनीतील एईजी कंपनीने १९३५ साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडले. दुसऱ्या महायुद्धानंतर त्याच धर्तीवर अमेरिकेत अँपेक्स कंपनीने १९४८ साली आपले पहिले यंत्र बाजारात आणले. पुढे ग्रुंडिग, फिलिप्स अशा कंपन्यांची यंत्रे घरांतही दिसू लागली. या यंत्रांत ट्रान्झिस्टर नव्हते. त्यांच्या जागी काचेच्या निर्वात नळ्या होत्या. त्यांनाच 'व्हॉल्व्ह' म्हणतात.

व्हॉल्व्हमधील हवा काढून टाकलेली असते. आत एक तार तापते आणि तिच्या उष्णतेने ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते समोरच्या धनाग्राकडे धावतात. वाटेत तारेची बारीक जाळी असते. जाळीवरचा दाब किंचित बदलला, तरी धनाग्राकडे जाणारा प्रवाह पुष्कळ बदलतो. धरणाच्या दरवाजाचे चाक माणूस हाताने फिरवतो आणि पाण्याचा मोठा लोंढा कमी-जास्त होतो, तसेच हे आहे. 'ईसीसी ८३' या प्रसिद्ध व्हॉल्व्हचा एक भाग लहरीला साधारण पन्नासपट मोठे करू शकतो. असे दोन भाग एकापुढे एक जोडले, तर पन्नास गुणिले पन्नास, म्हणजे अडीच हजारपट!

टेपरेकॉर्डरमध्ये फीत ज्या लहान चुंबकावरून सरकते, त्याला 'हेड' म्हणतात. हेडमधून निघणारी लहरही मायक्रोफोनच्या लहरीसारखीच दुबळी असते. म्हणून टेपरेकॉर्डर बनवणाऱ्यांना त्यात उत्तम प्रीअँप बसवावाच लागे. कालांतराने ट्रान्झिस्टर आले, १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली आणि ही जड यंत्रे अडगळीत गेली. मोटारी थांबल्या, रबरी पट्टे तुटले, हेड झिजले. पण आतला प्रीअँप पुष्कळदा शाबूत राहिला. तोच काढून मायक्रोफोनसाठी वापरावा, ही युक्ती कारागिरांना सुचली. अँपेक्सच्या ३५० आणि ३५१ या यंत्रांत फीत फिरवणारा भाग वेगळा आणि व्हॉल्व्हचा भाग स्वतंत्र पेटीत असे. त्यामुळे त्या पेट्या आजही जगभरच्या स्टुडिओंत मायक्रोफोनला जोडून वापरल्या जातात.

हे काम नुसती तार जोडून होत नाही. फितीवर तीव्र सूर नीट उमटत नाहीत, म्हणून मुद्रण करताना ते मुद्दाम वाढवलेले असतात. ऐकताना खालचे सूर वाढवलेले असतात. मायक्रोफोनला अशी वाढ नको असते. म्हणून कारागीर सूर कमी-जास्त करणारा तो भाग आधी वगळतो. स्टुडिओतल्या मायक्रोफोनसाठी तो पुढे एक छोटा ट्रान्सफॉर्मर बसवतो. जुने, सुकलेले कपॅसिटर तो बदलतो. त्याला लागणारे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर, मिळतात. भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारात तर जुने रेडिओ आणि ग्रामोफोनही पाहायला मिळतात.

आजचा ट्रान्झिस्टरचा प्रीअँप स्वस्त असतो आणि त्यात खरखरही कमी असते. मग ही खटपट कशासाठी? व्हॉल्व्हवर जास्त भार पडला की लहरीचे टोक एकदम कापले जात नाही, ते हळूहळू गोलावते. त्यामुळे मूळ सुरात त्याच्या दुप्पट कंपनांचा एक सूर थोडासा मिसळतो. अनेक गायकांना हा आवाज भरदार आणि गोड वाटतो. खरे पाहता हा मूळ आवाजात झालेला बदलच आहे; पण तो कानाला आवडतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. व्हॉल्व्हच्या यंत्रात अडीचशे ते तीनशे व्होल्ट दाब असतो. बटण बंद केले, दांडी काढली, तरी कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि तिचा झटका जीव घेऊ शकतो. म्हणून असे यंत्र तुम्ही स्वतः उघडू नका. जाणत्या कारागिराचे काम दुरून पाहा, प्रश्न विचारा आणि शिका.

दुसरी गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. यंत्राला हात लावण्यापूर्वी ते चालते का, हे कारागिराकडून तपासून घ्या. एखाद्या घरात जुनी फीत असते. तिच्यावर कोणा आजोबांचे बोलणे, एखादा मुशायरा किंवा लग्नातली कव्वाली असते. ती फीत ऐकायला तसाच टेपरेकॉर्डर लागतो. चालते यंत्र मोडून प्रीअँप काढला, तर नवा आवाज गोड होईल, पण जुना आवाज कायमचा मुका होईल. ज्या यंत्राची मोटार आणि हेड दुरुस्त होण्यापलीकडे गेले आहेत, त्याचाच प्रीअँप काढणे योग्य.

म्हणून आज घरी गेल्यावर आजी-आजोबांना, चाचांना, खालांना विचारा, "आपल्याकडे जुन्या फिती आहेत का?" असतील, तर त्या उन्हापासून, ओलाव्यापासून आणि चुंबकापासून दूर ठेवा. त्यांवर कोणाचा आवाज आहे, हे एका चिठ्ठीवर उर्दूत आणि मराठीत लिहून ती चिठ्ठी फितीच्या डब्यावर चिकटवा.