पाटी लावा, पण जपून!

दारावर नावाची पाटी लावली की पोस्टमन येतो, पाहुणे येतात, आणि दुपारी जरा डोळा लागतो न लागतो तोच बेल वाजवणारे विक्रेतेही येतात. वेबसाइटवर ई-मेलचा पत्ता लिहिण्याचंही तसंच आहे. गिऱ्हाइकासाठी लावलेली पाटी नको ते लोकही वाचतात.

मैत्रिणींनो, हे सांगायचं कारण म्हणजे आमच्या गावातला एक बचत गट. गोडा मसाला, भाजणी, सांडगे करणाऱ्या या बायकांनी हौसेने वेबसाइट करून घेतली. करणाऱ्याने 'संपर्क' या पानावर अध्यक्ष काकूंचा घरचाच ई-मेल छापून टाकला. काही महिन्यांतच काकूंच्या मेलबॉक्समध्ये लॉटरी लागल्याची, कर्ज मिळण्याची आणि 'बँक खातं बंद होणार' अशी धमकावणारी पत्रं येऊन पडू लागली. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं झालं. दिवाळीच्या तोंडावर पुण्याहून आलेली चाळीस किलो भाजणीची चौकशी त्या ढिगाबरोबर स्पॅमच्या फोल्डरमध्ये गेली. सापडली तेव्हा तुळशीचं लग्नही होऊन गेलं होतं! काकू म्हणाल्या, "अगं, माझा पत्ता ह्या मेल्यांना दिला कोणी?"

कोणी दिला नाही, तो वेचला गेला. शेतात कापूस वेचावा तसे पत्ते वेचत फिरणारे प्रोग्रॅम असतात. ते एका पानावरून दुसऱ्या पानावर जातात आणि पानामागचा मजकूर वाचतात. शेपटीवाला गोल 'ॲट' दिसला, की त्याच्या मागची-पुढची अक्षरं उचलतात. अशा पत्त्यांच्या याद्या विकल्या जातात. एकदा यादीत गेलेला पत्ता परत मागता येत नाही.

अमेरिकेतल्या 'सेंटर फॉर डेमॉक्रसी अँड टेक्नॉलॉजी' या संस्थेने २००३ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. नवेकोरे पत्ते तयार करून ते वेगवेगळ्या ठिकाणी दिले आणि सहा महिने वाट पाहिली. आलेल्या स्पॅमपैकी बहुतेक सगळं वेबसाइटवर उघडे छापलेल्या पत्त्यांवर आलं. जे पत्ते जरा वेगळ्या रीतीने लिहिले होते, त्यांच्यावर एकही आलं नाही. आता हे प्रोग्रॅम तेव्हापेक्षा हुशार झालेत, पण धडा तोच आहे.

मग करायचं काय? पत्ता काढून टाकला तर गिऱ्हाईक कसं येणार?

सगळ्यात बरा उपाय म्हणजे पत्त्याऐवजी फॉर्म ठेवणं. गिऱ्हाइकाने नाव, फोन आणि मागणी लिहायची, बटण दाबायचं, मजकूर तुमच्याकडे येतो. मात्र पत्ता सर्व्हरवरच राहायला हवा. फॉर्मच्या कोडमध्ये लपवून ठेवला तर प्रोग्रॅमला तो दिसतोच. फॉर्ममध्ये माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना ठेवायला सांगा. प्रोग्रॅम तो अधाशासारखा भरतो आणि पकडला जातो.

पत्ता दाखवायचाच असेल, तर चिन्हाऐवजी 'ॲट' आणि 'डॉट' असे शब्द लिहा. ही युक्ती ओळखणारे प्रोग्रॅम आता आहेत, म्हणून याला कुलूप समजू नका. हे काट्याकुट्यांचं कुंपण आहे. साइट करणारा जाणकार असेल तर पत्त्याचे तुकडे ठेवून ते वाचणाऱ्याच्या पडद्यावरच जोडले जातील अशी सोय तो करू शकतो. पत्त्याचं चित्र लावायचा सल्ला काही जण देतात. मला तो पटत नाही. चित्रातली अक्षरं वाचणारे प्रोग्रॅम आता सर्रास मिळतात, आणि दृष्टिहीन बाई मोबाइलकडून पान वाचून घेते तेव्हा तिला मात्र तो पत्ता कळत नाही.

धंद्याचा पत्ता वेगळा ठेवा, हे तर मी घरोघरी सांगते. बँकेचा, मुलांच्या शाळेचा, नातेवाइकांचा ई-मेल निराळा, साइटवरचा निराळा. उद्या तो स्पॅमने भरला तर बदलता येतो, घरच्या पत्त्याला धक्का लागत नाही. स्पॅमचा फोल्डरही आठवड्यातून दोनदा चाळा. जीमेलमध्ये तिथली पत्रं तीस दिवसांनी आपोआप पुसली जातात. अनोळखी स्पॅमला "पुन्हा पाठवू नका" असं उत्तर मात्र देऊ नका. पत्ता चालू आहे हे त्यातून त्यांना समजतं.

आणि एक गोष्ट जिव्हाळ्याची. महिला मंडळाच्या साइटवर सभासदांची यादी फोन आणि ई-मेलसकट टाकायची हौस असते. त्यातल्या प्रत्येकीला विचारलंय का? आपल्या देशात व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ साली झाला, पण जी माहिती आपण स्वतःच जाहीर केली, तिला तो लागू होत नाही. म्हणजे काय जाहीर करायचं, हे ज्या त्या बाईने स्वतः ठरवायला हवं. मंडळाने तिच्या वतीने ठरवू नये.

तुमची साइट असेल तर आज एवढं करा. कॉम्प्युटरवर तिचं संपर्काचं पान उघडा आणि 'कंट्रोल' व 'यू' ही बटणं एकत्र दाबा. पानामागचा मजकूर दिसेल. तो बघून घाबरू नका! त्यात 'कंट्रोल' व 'एफ' दाबून ॲटचं चिन्ह शोधा. तुमचा पत्ता तिथे जसाच्या तसा दिसला, तर वेचणाऱ्यालाही तो दिसतोय. साइट करणाऱ्याला फोन लावा आणि बदलून द्यायला सांगा. पैसे मोजलेत ना आपण, मग संकोच कसला?