मुरुमांची गोळी आणि दुखरी कंबर

भिवंडीच्या नारपोलीत यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या तरुणाची कंबर धरली, की दोष उभ्याने केलेल्या कामालाच जातो. पण तो हट्टी मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगायलाच हवे.

अ जीवनसत्त्वाच्या कुळातले हे औषध अमेरिकेत १९८२ साली मंजूर झाले. ते त्वचेतल्या तेलग्रंथी आक्रसवते आणि खरोखर गुणकारी आहे. मात्र सांधे, स्नायू, पाठ दुखणे हा त्याचा परिचित दुष्परिणाम. अंगमेहनतीने स्नायूंवरचा ताण वाढून रक्तातले सीपीके हे स्नायूंमधले विकरही चढू शकते. गोळी थांबवल्यावर दुखणे बहुधा ओसरते.

स्नायूंत तीव्र अशक्तपणा आला किंवा लघवी गडद झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदरपणात ही गोळी पूर्ण वर्ज्य: गर्भाला गंभीर व्यंग येऊ शकते.