डोंगर उजव्या हाताला

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला त्र्यंबकेश्वरी माणसांची रीघ लागते. त्या गर्दीत पुण्य पुष्कळ असेल, पण डोंगर काही दिसत नाही. साठी उलटल्यापासून मी भाद्रपदातला एखादा साधा वार निवडतो. वाट वीसेक किलोमीटरची. पहाटे निघून मध्ये बसत, बोलत गेले तरी दिवेलागणीला परत येता येते.

कुशावर्तावर हातपाय धुवायचे आणि डोंगर सतत उजव्या हाताला ठेवून चालू लागायचे, एवढाच नियम. त्र्यंबकेश्वराचे आजचे काळ्या दगडाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी 1755 मध्ये बांधायला घेतले, ते 1786 मध्ये पुरे झाले. नानासाहेब 1761 मध्येच गेले. घाईच्या माणसाने हे साल लक्षात ठेवावे.

प्रयागतीर्थ मागे टाकून पहिने गाठले की बाजाराचा गलबला संपतो. खाली भातखाचरे, उतारावर नागली, मग साग-ऐनाचे रान आणि करवंदीच्या जाळ्या. एखाद्या पाड्यावर ओसरीतून म्हातारी हाक मारते, "कुठलं गाव बाबा? बसा, च्या घ्या." बसावे. फेरीत तेही धरलेले असते.

अशाच एका फेरीत वाघ आडवा आला, विठ्ठलपंतांचे कुटुंब पांगले आणि लहानगा निवृत्ती गहिनीनाथांच्या गुहेत शिरला, असे परंपरा सांगते. त्याला तिथे लाभलेला उपदेश पुढे धाकट्या ज्ञानदेवांकडे आला आणि 1290 मध्ये ज्ञानेश्वरी झाली. निवृत्तीनाथांची समाधी त्र्यंबकातच आहे.

या डोंगरावर उगम पावलेली गोदावरी 1465 किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. पश्चिमेकडे इथल्याच डोंगरांतून वैतरणा निघते आणि अरबी समुद्राकडे जाताना मुंबईची तहान भागवते. मोटारीने देवळापर्यंत येऊन परतणाऱ्याला डोंगराची ही पाठ दिसतच नाही. 2021 मध्ये ब्रह्मगिरीच्या अंगाला खोदकाम झाले तेव्हा नाशिकच्या निसर्गप्रेमींनी आवाज उठवला. डोंगर पोखरला की आधी झरे आटतात, मग विहिरी. त्याची झळ पहिल्यांदा त्या ओसरीतल्या म्हातारीच्या हंड्याला लागते.

सापगाव, गणपतबारी करत त्र्यंबकात उतरेपर्यंत पाय बोलू लागतात. तरीही सांगतो, नातवंडांना एकदा ही फेरी घडवाच. भाकरी बांधून घ्या, कागद-पिशव्या परत आणा. घरच्या नळाला पाणी कुठून येते, ते त्यांना चालता चालता कळेल.