छोटं जेट, लांबचा पल्ला: टोकन पाठवण्याआधी हे ऐका

मागच्या आठवड्यात एका श्रोत्याचा व्हॉइस नोट आला. तो इव्हेंट कंपनीत नवीन लागलाय. साहेबांनी सांगितलं, सहा पाहुण्यांना मुंबईहून लंडनला न्यायचंय, छोटं जेट बघ. इन्स्टावर एक एजंट सापडला, रेट एकदम कमी. तो विचारतो, "दादा, टोकन पाठवू का?"

मी त्याला लगेच फोन केला आणि म्हटलं, थांब. पॉडकास्टच्या आधी मी चार वर्षं चार्टर बुकिंगच्या डेस्कवर होतो. तेव्हा त्याला जे सांगितलं, तेच आज सगळ्यांना सांगतो.

पहिली गोष्ट, पल्ला. एम्ब्रेअरचं फेनॉम ३०० हे छोट्या जेटमधलं खूप खपणारं विमान. कंपनी सांगते तो पल्ला साधारण ३,७०० किलोमीटर. मुंबई–लंडन सरळ रेषेतच जवळपास ७,२०० किलोमीटर. म्हणजे एका दमात जमणारच नाही. मुंबई–दुबई, दुबई–इस्तंबूल, इस्तंबूल–लंडन असे तीन टप्पे पकडा. शिवाय माहितीपत्रकातला आकडा वारा नसताना आणि माणसं कमी असतानाचा असतो. पश्चिमेकडे जाताना वरच्या थरातला जोराचा वारा समोरून येतो, पल्ला आणखी घटतो. सहा माणसं, सहा मोठ्या बॅगा, मग तर हिशोब नव्याने मांडावा लागतो.

म्हणजे हवेत दहा तासांच्या आसपास, वर दोन ठिकाणी इंधन. वैमानिकांच्या कामाच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे, त्यामुळे वाटेत मुक्काम किंवा नवे वैमानिक लागू शकतात. आणि केबिनची उंची पाच फूटसुद्धा नाही! अख्ख्या प्रवासात सरळ उभं राहता येत नाही. न थांबता जायचं तर ग्लोबल ६००० सारखं मोठं विमान लागतं, पल्ला सुमारे ११,००० किलोमीटर. पण मग बिलही तसंच मोठं.

दुसरी गोष्ट, पैसे. एजंट तासाचा रेट सांगतो आणि आपण तासांनी गुणून मोकळे होतो. पण विमान लंडनला सोडून रिकामं परत येणार, ते तासही बहुतेक वेळा आपल्याच माथी. त्यावर विमानतळाचं लँडिंग आणि पार्किंग, ग्राउंड हँडलिंग, ज्या देशांवरून उडतो त्यांचे शुल्क, वैमानिकांचं हॉटेल, जेवण, कर. म्हणून विचारायचं, "सगळं धरून किती? आणि लेखी द्या."

मग 'एम्प्टी लेग' स्वस्त कसा? विमान तसंही रिकामं जाणार असतं, म्हणून. पण तारीख आणि वेळ त्यांची. मूळ गिऱ्हाईकाने बेत बदलला की तुमची फ्लाइटही गेली.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एजंट विमान उडवत नाही, ऑपरेटर उडवतो. भारतात भाड्याने प्रवासी न्यायला ऑपरेटरकडे डीजीसीएचं नॉन-शेड्यूल्ड ऑपरेटर परमिट लागतं. एखाद्या शेठजींचं खासगी वापराचं विमान गुपचूप भाड्याने देणं बेकायदेशीर आहे. रेट एकदम कमी असेल, तर पहिला संशय हाच घ्यायचा. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते.

हे नुसतं घाबरवणं नाही. फुटबॉलवाल्यांना एमिलियानो साला आठवत असेल. २१ जानेवारी २०१९ ला तो नांतहून कार्डिफला निघाला. विमान जेट नव्हतं, एका इंजिनाचं छोटं पायपर होतं. ते समुद्रात कोसळलं. साला आणि वैमानिक, दोघेही गेले. तपासात दिसलं की वैमानिकाकडे पैसे घेऊन प्रवासी नेण्याचा परवानाच नव्हता. फ्लाइट जमवून देणाऱ्याला २०२१ मध्ये १८ महिन्यांची शिक्षा झाली. विमानात बसताना सालाला यातलं काय ठाऊक असणार?

म्हणून टोकनच्या आधी चार प्रश्न. ऑपरेटर कोण? परमिट नंबर काय? विमानाचा नोंदणी क्रमांक काय, आणि तो त्याच परमिटवर आहे का? प्रवाशांचा विमा आहे का? भारतीय विमानाचा क्रमांक 'व्हीटी'ने सुरू होतो आणि परमिटधारकांची यादी डीजीसीएच्या वेबसाइटवर मिळते. मोबाइलवर पाच मिनिटांचं काम आहे. ब्रिटनला भाड्याचे प्रवासी न्यायचे तर तिथलीही परवानगी लागते, तीही विचारा. आणि हो, जेट खासगी असलं तरी व्हिसा लागतोच!

आपल्या श्रोत्याने हेच चार प्रश्न एजंटला पाठवले. दोन निळ्या टिक आल्या, उत्तर काही आलं नाही. त्याने टोकन पाठवलं नाही. साहेब थोडे चिडले, पण सहा माणसांचा जीव त्याने उधारीवर ठेवला नाही.

तुमचे प्रश्न व्हॉइस नोटवर पाठवत राहा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!