नकोशीं संभाषणें : झांकावीं, मिटावीं कीं पुसावीं ?

एके काळीं कचेरीचें काम फायलींतून चाले आणि तोंडीं झालेलें बोलणें हवेंत विरून जाई. आज एकाच कामांत गुंतलेलीं माणसें निरनिराळ्या गांवीं बसून संगणकावरून परस्परांशीं बोलतात. हें बोलणें लिहिलेलें असल्यामुळें तें जसेंच्या तसें साठून राहतें. २०१३ सालीं लोकांपुढें आलेलें ‘स्लॅक’ आणि २०१७ सालीं खुलें झालेलें ‘मायक्रोसॉफ्ट टीम्स’ हीं अशा साधनांपैकीं विशेष प्रसिद्ध होत.

अशा साठ्यांत उपयुक्त मजकुराबरोबर अडगळही येते. संपलेल्या कामाची चर्चा, क्षणिक थट्टा, भलत्याच मंडळींत जाऊन पडलेला निरोप, रागाच्या भरांत लिहिलेलें एखादें वाक्य, हें सर्व तेथें पडून असतें. तें काढून टाकावें अशी इच्छा होणें स्वाभाविक आहे. परंतु ‘काढून टाकणें’ या दोन शब्दांत चार निराळ्या क्रिया दडलेल्या आहेत, आणि त्यांचा घोटाळा झाला म्हणजे नुकसान होतें.

पहिली क्रिया नजरेआड करण्याची. टीम्समध्यें एखादें संभाषण झांकून ठेवतां येतें; तें यादींतून दिसेनासें होतें, पण त्यांत कोणी नवा संदेश लिहिला कीं पुनः वर येतें. स्लॅकमध्यें खाजगी संभाषण यादींतून मिटतां येतें. आंतील मजकुरास त्यामुळें धक्का लागत नाहीं. कपाटाचें दार लोटल्यानें आंतील वस्तू नाहींशा होत नाहींत, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी क्रिया स्वतः बाजूस होण्याची. संभाषणाच्या सूचना बंद करतां येतात, किंवा तो समूहच सोडतां येतो. ज्याची तक्रार केवळ घंटेच्या कटकटीपुरती आहे, त्याला एवढा उपाय पुरेसा असतो. बाकीच्यांचें बोलणें मात्र पूर्ववत् चालूं राहतें.

तिसरी क्रिया दप्तरबंद करण्याची. स्लॅकमध्यें काम संपलेली चॅनेल, म्हणजे एका विषयाची चर्चेची जागा, ‘आर्काइव्ह’ करतां येते. मग तींत नवें कांहीं लिहितां येत नाहीं. परंतु जुनें वाचतां येतें, शोधतां येतें, आणि गरज पडल्यास ती जागा पुनः उघडतांही येते.

चौथी क्रिया खरोखर पुसण्याची, आणि हिच्याच बाबतींत सर्वांत अधिक गैरसमज आहेत. टीम्समध्यें एखाद्यानें संपूर्ण संभाषण पुसलें तरी तें केवळ त्याच्यापुरतें जातें. समोरच्या मंडळींकडे तें राहतेंच. उलट स्लॅकमधील चॅनेल पुसली कीं तींतील संदेश सर्वांपुरते कायमचे जातात, ते परत आणतां येत नाहींत. टीम्समध्यें पुसलेली चॅनेल ३० दिवसांच्या आंत परत मिळवितां येते. आपला एखादा संदेश पुसण्याची मुभा असावी कीं नाहीं, हेंही पुष्कळदां संस्थेचे चालकच ठरवितात. शिवाय संस्थेनें मजकूर राखून ठेवण्याचा नियम केला असेल, तर कर्मचाऱ्यानें पुसलेल्या संदेशाची प्रत पडद्याआड सुरक्षित राहूं शकते. कोणी तो आधींच वाचला असेल, तर त्याच्या मनांतून तो पुसण्याचें बटण कोठेंच नाहीं.

कधीं कधीं कोणीही हात न लावतां मजकूर नाहींसा होतो. स्लॅकच्या विनामूल्य योजनेंत २०२२ च्या सप्टेंबरपासून केवळ मागील ९० दिवसांचे संदेश दिसूं लागले, आणि २०२४ च्या ऑगस्टपासून एक वर्षाहून जुना मजकूर पुसण्यास कंपनीनें आरंभ केला. अशा ठिकाणीं जपण्याजोगी गोष्ट वेळींच अन्यत्र उतरून न घेतल्यास ती कायमची हातची जाते.

पुसण्याचा प्रश्न किती गंभीर होऊं शकतो, याचें उदाहरण अमेरिकेंत घडलें. एपिक गेम्स या कंपनीनें २०२० सालीं गूगलवर दावा लावला होता. गूगलमधील कर्मचाऱ्यांचीं कांहीं संभाषणें, इतिहास राखण्याची सोय बंद असल्यास, २४ तासांनीं आपोआप पुसलीं जात. दावा चालू असतांही तीं जपण्याची निवड कर्मचाऱ्यांवरच सोडली होती. २०२३ च्या मार्चमध्यें सॅन फ्रॅन्सिस्को येथील न्यायाधीश जेम्स डोनाटो यांनीं, कंपनीनें पुरावा जपण्याचें कर्तव्य पाळलें नाहीं, असा निर्णय दिला. पुढें, पुसलेला मजकूर कंपनीस प्रतिकूल होता असें अनुमान ज्यूरीस काढतां येईल, असेंही तिला सांगण्यांत आलें. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ज्यूरीनें कंपनीविरुद्ध कौल दिला. न सांपडणारें संभाषण सांपडणाऱ्याहून अधिक बोलूं शकतें, तें असें.

याचा अर्थ कांहींच पुसूं नये, असा नाहीं. चुकून लिहिला गेलेला परवलीचा शब्द, कोणाच्या आजाराची खाजगी हकीकत, किंवा कोणास अपमानकारक असा मजकूर तत्काळ काढणेंच योग्य होय. परवलीचा शब्द तर पुसून न थांबतां बदललाही पाहिजे. परंतु जेथें निर्णय झाला, जबाबदारी वांटली गेली, किंवा मतभेद नोंदला गेला, तो मजकूर एकट्याचा नसतो. उद्यां नव्यानें कामावर येणारा माणूस ‘हें असें कां ठरलें ?’ असें विचारील, तेव्हां उत्तर तेथेंच सांपडावयाचें असतें.

जुन्या पेढीवर पाटी आणि रोजकीर्द अशा दोन गोष्टी असत. पाटीवरची बेरीज झाली कीं ती ओल्या फडक्यानें पुसावी. त्यांत कोणास वावगें वाटत नसे. रोजकीर्दींत मात्र चूक झाली तरी खाडाखोड करावयाची नाहीं. खालीं दुरुस्तीची नवी नोंद घालावयाची. संगणकावरच्या संभाषणांत पाटी व रोजकीर्द एकाच पडद्यावर येऊन बसलीं आहेत. म्हणून बटण दाबण्यापूर्वीं हें लिखाण त्या दोहोंपैकीं कशावरचें आहे, एवढें प्रत्येकानें ओळखावें. पाटीवरचें असेल तर खुशाल पुसावें. रोजकीर्दींतलें असेल तर मिटून जपून ठेवावें. आणि संशय असेल तेथें तूर्त नजरेआड करून सहकाऱ्यांस विचारावें.